उणे पंचवीस

१

दीपमाला गेली त्याला एकवीस दिवस झाले होते. पोलिसांनी परत दिलेली तिची पर्स तिच्या आईने, अंजनाकाकूंनी, कवठे महांकाळच्या घरात स्वानंदीच्या पुढ्यात उलटी केली. कंगवा पडला, स्कूटरची किल्ली पडली, लेकीचा एकुलता लोकरी मोजा पडला, आणि अंगठ्याएवढी एक काचेची बाटली घरंगळत सतरंजीच्या कडेला जाऊन थांबली. आत पांढरी पूड होती.

"ह्येच त्ये," अंजनाकाकू म्हणाल्या. "ह्येच्यापायी माजी पोर चोर ठरली."

स्वानंदीने बाटली उचलली, पण उघडली नाही. सांगलीत एम.एस्सी. करताना दीपमाला आणि ती दोन वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या. पुढे स्वानंदी तिथल्याच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवू लागली. दीपमाला लग्न होऊन कोरेगावला गेली आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात तपासनीस झाली. नवरा शिवतेज लष्करात, सीमेवर. घरात सासू बयाबाई आणि तीन वर्षांची लेक.

काकूंनी कारखान्याचं पत्र पुढे केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यात काय आहे ते त्यांना पाठ होतं. डोळ्यांच्या मलमासाठी आलेली पूड दीपमालाने जुलैत तपासून खरी ठरवली. राखून ठेवलेला नमुना जानेवारीत पुन्हा तपासला तर तो खोटा निघाला. म्हणजे जुलैचा आकडा बनावट. वर तिने पुरावा नष्ट करण्यासाठी नमुना बाहेर नेला. आणि त्याच दुपारी साडेतीन वाजता पेठ नाक्याजवळ तिची स्कूटर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रेलरवर आदळली.

"लोकं म्हनत्यात, मुद्दाम जाऊन धडाकली. लाजंनं." काकूंचा आवाज खाली आला. "बयाबाईनं फोटोबी लावला न्हाई घरात. नात इचारती आई कुठं, तर म्हनती, गेली त्वांड लपवून. तीन वर्साच्या लेकराला असं कुनी सांगतं व्हय?"

त्या चहा घेऊन आल्या. दूध खाली लागलं होतं. स्वानंदीने पहिला घोट घेतला तसं त्यांच्या ध्यानात आलं.

"करपलं न्हवं? दीपा असती तर तिला कळलंबी नसतं. करोनापास्नं नाकच गेलं हुतं तिचं. भांडं काळं व्हायचं आन् ही बया शेजारी उभी!"

दोघी हसल्या. मग काकूंनी पदर तोंडाला लावला.

स्वानंदीला ते दोन फोन आठवत होते. त्या दिवशी एक दहाला एक, एक पंचवीसला एक. तिची अकरा महिन्यांची लेक चिऊ तापाने किरकिर करून नुकती झोपली होती, म्हणून तिने फोनचा आवाज बंद केला होता. चार वाजता दीपमालाचं नाव दिसलं. 'संध्याकाळी करते,' असं तिने मनाशी म्हटलं होतं.

"तू मास्तरीन हायस," काकू म्हणाल्या. "मला दोनच गोष्टी सांग. माजी पोर खोटं लिवत हुती का? आन् ती मराया निघाली हुती का?"

२

चिऊला सासूबाईंकडे, शकुंतलाबाईंकडे सोपवताना स्वानंदीने तीनदा तिचं कपाळ पाहिलं.

"अगं, ताप गेलाय तिचा. जा तू," सासूबाई म्हणाल्या. "किती वेळा हात लावशील? हातानेच तापेल पोर."

रविवारचं कॉलेज रिकामं होतं. पोलारीमीटर तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत होता. साखर कारखान्यांत उसाच्या रसाचा 'पोल', म्हणजे साखरेचं प्रमाण, काढतात ते याच यंत्रावर. काही पदार्थांचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे असतात. दिसायला सारखे, पण एकाचा हातमोजा दुसऱ्याला बसत नाही. असा पदार्थ विरघळवून त्यातून एकाच प्रतलात थरथरणारा प्रकाश सोडला, की प्रकाश जरासा वळतो. एका हाताचे रेणू त्याला जितका उजवीकडे वळवतात, तितकाच दुसऱ्या हाताचे डावीकडे. उजवीकडे म्हणजे अधिक, डावीकडे म्हणजे उणे.

मलमातलं औषध क्लोरॅम्फेनिकॉल होतं. त्याचा एकच हात जंतू मारतो. त्याचं आरशातलं भावंड मारत नाही. तान्ह्या पोराच्या चिकटलेल्या डोळ्यात ते घाला नाहीतर खडूची पूड घाला, सारखंच. दीपमालावरचा आरोप काय होता, ते स्वानंदीला त्या अंधारात पहिल्यांदा नीट कळलं. तिच्याही घरी चिऊ होती.

तिने पूड शुद्ध अल्कोहोलात विरघळवली, नळी भरली, आत बुडबुडा नाही हे दोनदा पाहिलं. आकडा उणे आला तर काकूंना काय सांगायचं, हे तिने ठरवलं नव्हतं.

पडद्यावर आकडा स्थिर झाला. तिने हिशेब केला. पुन्हा केला.

अधिक अठरा पूर्णांक आठ.

पूड अस्सल होती.

३

"नमुना परत द्यायला आलेय," एवढंच सांगून स्वानंदी साताऱ्याला गेली. प्रयोगशाळेचे प्रमुख विष्णुपंत वाईचे, साठीचे, पांढऱ्या शर्टाला बटण न् बटण लावलेले. औषधांत येण्यापूर्वी पंचवीस वर्षं त्यांनी साखर कारखान्यात मुख्य केमिस्ट म्हणून काढली होती.

"सांगलीत अधिक येतो," ती म्हणाली.

"तुमची बाटली पंचनाम्यातून आलेली. तिचं काय धरायचं?" त्यांनी वही उघडली. "ही पाहा. दोन्ही नोंदी तिच्याच हातच्या. मी एक अक्षर लिहिलेलं नाही."

जुलै: अधिक अठरा पूर्णांक नऊ. जानेवारी: उणे पंचवीस पूर्णांक तीन. दीपमालाचं ते ठेंगणं, उजवीकडे कललेलं अक्षर. दोन्ही पानांवर द्रावकाच्या रकान्यात 'इ.अ.', म्हणजे इथाईल अल्कोहोल. बाकी तापमान, वजन, नळी, सगळं सारखं.

"उणे आला तेव्हा ती काय म्हणाली?"

"काही नाही. पांढरीफटक पडली. मी म्हटलं, पुन्हा करा. तिनं लगेच पुन्हा केलं. पुन्हा उणे." त्यांनी चष्मा काढला. "बाई, पंचवीस वर्षं मी पोल घेतलाय. शेतकरी भांडतात, चेअरमन भांडतात, आकडा खोटं बोलत नाही. वाईट मलाही वाटतं. गुणी मुलगी होती."

"तिने आणखी काही मागितलं होतं का?"

विष्णुपंतांनी चष्म्याची काच पुसायला घेतली ती पुसतच राहिले.

शेजारच्या टेबलावर मुकुल होता, दीपमालाचा कनिष्ठ. आता तिची जागा, तिची खुर्ची त्याचीच होती. स्वानंदी जवळ जाताच त्याने ड्रॉवर लावून घेतला.

"मी त्या दिवशी त्या खोलीत गेलोसुद्धा नव्हतो, मॅडम."

"मी विचारलंच नाही अजून."

"सगळे तेच विचारतात." त्याचे कान लाल झाले. "नमुन्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, खरंय. पण मी पूड बदलली नाही. कशाला बदलू? तिनेच मला काम शिकवलं. या जागेसाठी मी..." तो थांबला. "सगळे इथे माझ्याकडे कसे बघतात, ते बघा तुम्ही एकदा."

स्वानंदीने पाहिलं. खरंच कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली. घरी फोन केला. चिऊने वरण खाल्लं होतं. फोन ठेवला आणि ते दोन आकडे पुन्हा डोळ्यांपुढे आले. कुणी खरी पूड काढून आरशातली पूड ठेवली असती, तर आकडा तोच आला असता, फक्त चिन्ह उलटं. एकोणीसचे उणे एकोणीस.

मग हे पंचवीस कुठून आले? सगळ्यांनी उणे पाहिलं, त्यामागचा आकडा कुणी पाहिलाच नव्हता.

पूड बदललेली नव्हती. पुडीभोवतीचं काहीतरी बदललं होतं.

४

स्टोअर इमारतीच्या मागे होतं. स्टोअरकीपर सयाजी इस्लामपूरकडचे, आधी एका साखर कारखान्याच्या अल्कोहोल विभागात होते. गुडघ्याला पट्टा, कानावर पेन्सिल.

"आवं, दीपाबाईच्या मैतरीन तुमी? बसा की." त्यांनी स्टूल हाताने पुसलं. "लय गुनाची पोरगी. मला मामा म्हनायची. एकदा डब्यातली आमटी आंबली हुती, हिनं गपागप खाल्ली. म्या म्हनलं, आगं वास बघ की! तर म्हनली, मामा, नाक असतं तर कारखान्यात कशाला आले असते, अत्तराचं दुकान काढलं असतं."

"मामा, इ.अ. कुठं असतं?"

"ह्ये काय. सरकारी परवान्याचा माल. क्यान कुलपात. त्यातनं म्या बाटल्या भरतो, चिठ्ठी लावतो, मांडनीवर ठेवतो. हितं समद्या चिठ्ठ्या मराठीत. मला विंग्रजी येत न्हाई, म्हनून पंतांनीच नेम केलाय."

मांडणीवर नऊ तपकिरी बाटल्या होत्या. प्रत्येकीवर चौकोनी चिठ्ठी: इ.अ. स्वानंदीने पहिली उघडली. दवाखान्यात सुईआधी येतो तसा स्पिरीटचा वास. दुसरी, तिसरी, तीच. चौथ्या चिठ्ठीवरचं अक्षर जरा वेगळं होतं, इ ची शेपटी लांब.

तिने बूच काढलं आणि मान मागे घेतली.

गोडसर वास. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा, नेलपॉलिशचा. नाक असलेल्या कुठल्याही माणसाला खोलीच्या दारातून कळला असता.

"मामा, ही चिठ्ठी तुमची नाही."

सयाजींनी चिठ्ठी दूर धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. "न्हाई बा. आक्षार मुकुलदादाचं हाय."

५

अर्ध्या तासाने चौघे अंधाऱ्या खोलीत उभे होते. स्वानंदीने कारखान्याच्या कपाटातला राखीव नमुना घेतला, विष्णुपंतांच्या समोर तोलला, दोन भाग केले. एक पहिल्या बाटलीतल्या द्रवात विरघळवला, दुसरा चौथीतल्या.

"पहिला," ती म्हणाली.

अधिक अठरा पूर्णांक सात.

"दुसरा. पूड तीच."

उणे पंचवीस पूर्णांक चार.

यंत्राचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

"मुकुल, या बाटलीत काय आहे?"

मुकुलने भिंतीला पाठ टेकली होती. "इथाईल असिटेट. नव्या मलमाच्या तपासणीसाठी डिसेंबरात आलं. सयाजीमामा तेव्हा म्हसवडला रथाच्या जत्रेला गेले होते, चार दिवस. मग मीच बाटल्या भरल्या. चिठ्ठी मराठीत लावायची, म्हणून इथाईल असिटेट... इ.अ." त्याच्या तोंडातून ती दोन अक्षरं बाहेर पडली आणि त्याने डोळे मिटले. "मी माझ्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. नंतर एक कमी दिसली. मला वाटलं, मामांनी हलवली असेल. मी विचारलं नाही."

"म्या आलो," सयाजी हळूहळू म्हणाले, "तर इ.अ.ची येक बाटली भलत्याच जागी दिसली. म्हनलं, पोरांनी पसारा केलाय. म्या ती उचलून बाकीच्यांत मांडनीवर लावली."

सयाजींच्या तीस वर्षांत इ.अ. म्हणजे एकच गोष्ट होती. दीपमालाच्या चार वर्षांतही.

"पण आकडा पुडीचा असतो!" विष्णुपंत जवळजवळ ओरडले. "साखरेचा पोल तो साखरेचा पोल!"

"तुम्ही तो कशात घेत होता, सर?"

"पाण्यात. आणखी कशात घेणार?"

"कायम पाण्यात. म्हणून पाणी दिसेनासं झालं." स्वानंदीचा आवाज शिकवताना व्हायचा तसा शांत झाला, तिला दुसऱ्या कशाने तो सांभाळता येत नव्हता. "रेणू एकटा नसतो. भोवती द्रावकाचे रेणू दाटीने उभे असतात. अल्कोहोल त्याला एका ठिकाणी धरतं, असिटेट दुसऱ्या. मग तो अंग वेगळं दुमडून बसतो. हात तोच राहतो, पण प्रकाश वळवतो तो उलटीकडे. सगळ्या पदार्थांचं इतकं होत नाही, बहुतेकांचा आकडा थोडासा हलतो. याचं चिन्हच उलटतं. तुमच्या कपाटातल्या जाड पुस्तकात आहे. या औषधाच्या नावापुढे दोन आकडे आहेत, आणि प्रत्येकापुढे द्रावकाचं नाव आहे, पूर्ण."

विष्णुपंत स्टुलावर बसले. म्हणाले, "तुम्ही सकाळी विचारलंत, तिनं आणखी काही मागितलं का. मागितलं होतं. म्हणाली, सर, तिसऱ्यांदा तुम्ही करा, नवी बाटली फोडून. मी म्हटलं, पुरे झालं आता."

"बाई," सयाजी म्हणाले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून हातात धरली होती. "म्हंजी म्या ठिवलेल्या बाटलीनं...?"

स्वानंदीने चौथ्या बाटलीला बूच लावलं. या खोलीत शिरताना तिला एक गुन्हेगार हवा होता. मिळाली होती ती तीन माणसं, ज्यांनी आपापलं काम रोजच्यासारखं केलं होतं.

चौथीही होती, ती स्वतः. त्या दुपारी तिने फोन उचलला असता, तर पहिला प्रश्न हाच विचारला असता: कशात विरघळवलंस गं? मग म्हणाली असती, कुणाला तरी वास घ्यायला सांग. दोन मिनिटांचं बोलणं होतं. चिऊ उठली असती तर रडली असती, एवढंच.

दीपमालाची चूक नव्हती असं पत्र विष्णुपंतांनी लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत त्यांचा हात सवयीने 'इ.अ.' असं लिहून गेला. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

६

पत्र पर्समध्ये ठेवून स्वानंदी फाटकाशी आली. पाहुण्यांनी जाताना सही करायची असते. तिथले पहारेकरी नाथाजी लष्करातून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे. त्यांनी वही पुढे सरकवली.

सही करता करता स्वानंदीचा हात थांबला.

"नाथाजी, दीपमाला त्या दिवशी इथूनच गेली ना?"

"व्हय. माजीच ड्यूटी. म्या म्हनलं, ताई, यष्टीनं जावा, लांबचा पल्ला हाय. तर म्हनली, यष्टीची वाट कोन बगतंय."

"तिने वहीत लिहिलं होतं?"

"लिवल्याबिगर सोडीन व्हय म्या?"

"मग ही वही कुणी पाहिली नाही? पोलिसांनी? ऑफिसने?"

"कुनी मागितलीच न्हाई, म्याडम."

त्यांनी थुंकी लावून पानं मागे उलटली. स्वानंदी त्या बोटाकडे बघत राहिली. मग ते बोट एका ओळीवर थांबलं, आणि तिला आधी ते उजवीकडे कललेलं अक्षर दिसलं. मग शब्द.

७

दुसऱ्या दिवशी कवठे महांकाळच्या घरात तिने अंजनाकाकूंना पत्र वाचून दाखवलं. काकूंनी मध्येच थांबवलं.

"ह्ये द्रावक-बिवक मला समजंल असं सांग."

स्वानंदीने सांगायचा प्रयत्न केला. काकू ऐकत राहिल्या, गहू निवडावेत तसं बोटांनी सतरंजीवरचं काहीबाही बाजूला करत.

"म्हंजी लेक म्हायेरात येगळी चालती, सासरात येगळी चालती," त्या शेवटी म्हणाल्या. "पर लेक तीच."

"हो काकू. तेवढंच."

"आन् येवढं कळाया माजी पोर जावी लागली." त्यांनी हात पुसले. "तिला म्हाईत हुतं का गं? शेवटाला तरी? आपली चूक न्हाई, ह्ये?"

हो म्हणणं सोपं होतं. स्वानंदीच्या ओठांवर ते आलंही.

"नाही, काकू. माहीत नव्हतं. तिला नुसता संशय होता."

काकूंनी मान हलवली. खरं ऐकल्याचं त्यांना कळलं होतं.

"तुमचा दुसरा प्रश्न राहिला," स्वानंदी म्हणाली. तिने फाटकावरच्या वहीच्या पानाचा फोटो उघडला आणि ओळीखाली बोट धरून, चिऊला वाचून दाखवावं तसं, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "दीपमाला. दुपारी एक चाळीस. सोबत: नमुना एक. कुठे: सांगली. काम: मैत्रिणीकडून तपासून आणणे."

"लिवलं हुतं तिनं? लपवून न्हेलं न्हाई?"

"लिहिलं होतं. आणि शेवटचा रकाना आहे, परत कधी. तिथे लिहिलंय: उद्या सकाळी नऊ."

काकूंनी ऐकलं. भिंतीकडे पाहिलं.

"नऊला म्हागारी जानार हुती."

"हो."

"मराया न्हाई निघाली."

"नाही काकू."

"नऊला." त्यांनी तो शब्द आणखी एकदा, अगदी हळू म्हटला. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. स्वानंदी दोनदा उठली आणि दोनदा बसली.

काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांनी धुवट लुगडं नेसलं होतं आणि छातीशी दीपमालाचा फोटो धरला होता, काचेसकट.

"कोरेगावला जायाचं," त्या म्हणाल्या. "बयाबाईच्या दारात हुबी ऱ्हाते. तू वाचून दाव. आन् नात इचारंल, आई कुठं, तवा तू गप बस. ते मी सांगते."